हेमलताचं वाण

“मागं वळून बघायचं नाही,” माई म्हणाल्या होत्या. “वाण डोक्यावरून मागं धरायचं, तीनदा विचारायचं आणि कुणी हातातून काढून घेईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. हात भरून आले तरी. कळलं?”

मी मान हलवली.

“मान काय हलवतेस, तोंडानं सांग.”

“कळलं, माई.”

पिठोरी अमावास्येची सकाळ होती. स्वयंपाकघरात आम्ही सासू-सुना समोरासमोर बसलो होतो, मधे तांदळाच्या उकडीची परात. चौसष्ट योगिनी करायच्या होत्या. योगिनी म्हणायच्या, एरवी बोटाच्या पेराएवढ्या बाहुल्या. चिमटीनं नाक काढलं की झाली योगिनी. दरवर्षी माईच करायच्या. पण त्या वर्षी त्यांच्या हातांना कंप सुटला होता. भरलेला पेला दिला की अर्धा जमिनीवर जायचा. तीन-चार योगिनींची नाकं गालावर गेली तेव्हा त्यांनी हात झटकले आणि परात माझ्याकडे सरकवली.

“नाहीतरी यंदापासून तुझंच आहे हे. दोन वर्षं मी धरलं वाण, पण आजीचं ते आजीचं. आईनं मुलांसाठी करायचं व्रत आहे. आता घरात आई आहे.”

उंबऱ्यावर बसून शालन योगिनी मोजत होती. तिची मोजणी थांबली नाही, फक्त आवाज बारीक झाला.

“आजी, त्यांना सांग, अठ्ठेचाळीस झाल्या.”

‘त्या’ म्हणजे मी.

लग्न होऊन मला आठ महिने झाले होते. शालन माझ्या यजमानांच्या पहिल्या बायकोची, हेमलताची मुलगी. नऊ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी हेमलताला कावीळ झाली, मुंबईच्या इस्पितळात नेली आणि ती परत आलीच नाही. घरात पाऊल टाकल्याच्या दुसऱ्याच दिवशी माईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पोरीपुढे तिचं नाव काढायचं नाही. फोटोसुद्धा ट्रंकेत होता, तिच्या लुगड्यांच्या घडीत. आणि शालन मला काहीच म्हणत नसे. आई नाही, मावशी नाही, काकूही नाही. ‘आजी, त्यांना सांग माझी वेणी घाला.’ ‘आजी, त्यांना विचार मीठ कुठाय.’ मी दोन हातांच्या अंतरावर उभी असले तरी निरोप माईंमार्फत यायचा.

माझ्या माहेरी व्रतवैकल्यं फार. तुळशीला पाणी घातल्याशिवाय मी चहा घेत नाही, आजतागायत नाही. कडक उपासाची मला कधी भीती वाटली नाही, कारण उपास आपला आपण करायचा असतो. हे व्रत मात्र दुसऱ्याच्या उत्तरावर उभं होतं. खीरपुरीचं ताट आईनं डोक्यावरून मागं धरायचं आणि विचारायचं, ‘अतिथी कोण?’ मागं उभ्या असलेल्या मुलानं ‘मी आहे’ म्हणून ते काढून घ्यायचं. घेतलं नाही तर?

विचारू नये ते मी विचारलंच. शालन पाणी प्यायला मागीलदारी गेली तेव्हा.

“माई, तिनं नाही घेतलं तर?”

“असं बोलू नये आजच्या दिवशी.”

“पण कधी असं झालंय?”

माईंनी कापणारा हात दुसऱ्या हातानं धरला. “एकदा आलं होतं परत.”

“मग?”

“मग काय? पीठ वाळतंय, हात चालव.”

तेवढ्यात शेजारच्या वाडीतल्या जनाकाकू पुढच्या दारानं आत आल्या. आमचं गाव वसईकडच्या वाडीपट्ट्यातलं. घर म्हणजे मधे खोल्या आणि भोवती केळी, पानवेली. वाडीत शिरलेलं माणूस सरळ स्वयंपाकघरापर्यंत येतं. त्यांच्या हातात केळीची पानं होती आणि तोंडात तंबाखू.

“घ्या पानं. काय शरयू, चेहरा का उतरलाय? उपास सोसत नाही की चौथा महिना?”

“दोन्ही,” मी म्हटलं.

“यंदा घे कसंतरी भागवून,” जनाकाकू हसत म्हणाल्या. “पुढल्या वर्षी वाण घ्यायला खरा धनी येतोय.”

माईंनी डोळे वटारले. जनाकाकूंनी जीभ चावली, पण मागीलदारी रांजणावर तांब्या आदळल्याचा आवाज झाला होता. शालन पुन्हा उंबऱ्यावर बसायला आली नाही. उरलेल्या सोळा योगिनी मीच मोजल्या. दोनदा.

दुपारी कहाणी सांगायची होती. माई पाटावर, मी भिंतीला चिकटवलेल्या चौसष्ट योगिनींच्या चित्रासमोर, खाली पिठाच्या योगिनी मांडून, आणि शालन दाराशी, मुठीत अक्षता घेऊन. कहाणी मला माझ्या आईकडून आलेली, पुस्तक लागत नव्हतं. एका घरातल्या सुनेला दरवर्षी श्रावणी अमावास्येला मूल व्हायचं आणि व्हायचं तसं मरायचं. नेमकं त्याच दिवशी सासऱ्याच्या वडिलांचं श्राद्ध. जेवायला आलेली माणसं दरवर्षी उपाशी परत जायची. सातव्या वर्षी सासऱ्यानं मेलेलं मूल तिच्या ओटीत घातलं आणि तिला रानात हाकललं. हिंडता हिंडता तिला बेलाचं झाड दिसलं, खाली शिवलिंग. ती झाडावर चढून बसली. रात्र पडायच्या सुमारास चौसष्ट योगिनी आल्या, त्यांनी पूजा केली, खीरपुरीचा नैवेद्य दाखवला आणि विचारलं, अतिथी कोण आहे? झाडावरून ही म्हणाली, मी आहे. मग खाली उतरून तिनं आपली सगळी कर्मकथा सांगितली आणि योगिनींनी तिची सातही मुलं उठवून तिच्या हाती दिली.

मी अक्षता वाहिल्या. शालननं वाहिल्या नाहीत. मूठ तशीच होती.

“सातही उठली?”

मी दचकले. आजी नाही, निरोप नाही. थेट मला.

“हो. सातही.”

“पहिली सहा तर केव्हाची मेलेली ना?”

“हो.”

“तरी उठली?”

“उठली.”

“खरंच?”

“कहाणी कधी खोटी नसते, शालन.” मला वाटतं त्या वेळी मी हसत होते. पोर माझ्याशी बोलत होती!

“आणि बेलाचं झाड कुठलं?”

“असं कुठलं म्हणून नाही. जिथं बेल आहे, महादेव आहे, तिथलं.”

“त्या दिवेलागणीलाच येतात?”

“त्याच सुमाराला.”

“आणि ‘मी आहे’ मोठ्यानं म्हणायचं की हळू म्हटलं तरी चालतं?”

“ऐकू जाईल एवढं मोठ्यानं,” मी म्हटलं. संध्याकाळच्या वाणाचीच ती तयारी करते आहे असं मला वाटलं. माईंकडे बघितलं तर त्याही डोळ्यांनी ‘बघ’ म्हणाल्या. मी हलक्या मनानं पुऱ्या लाटायला गेले. दोन घाणे तळून होईपर्यंत काळजी म्हणून शिवली नाही मला.

दिवेलागणीला हाक मारली, “शालन, हातपाय धू गं.” उत्तर आलं नाही. ओटीवर नाही, पडवीत नाही, विहिरीवर नाही. माईंच्या खोलीत गेले. ट्रंक उघडी होती. घड्या विस्कटलेल्या. हेमलताचा फोटो पालथा पडला होता.

“माई, ट्रंक तुम्ही उघडलीत?”

माई दार धरत आल्या. त्यांनी घड्यांवरून हात फिरवला. “हेमाचं डाळिंबी लुगडं नाही यात,” त्या म्हणाल्या. मग ओरडल्या, “शालन! शालू!” त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

कुंपणापलीकडून जनाकाकूंचं तोंड दिसलं. “काय झालं? मघाशी काखेत गाठोडं मारून निघालेली, बावखलाच्या वाटेनं. मला वाटलं तुम्हीच कुठं धाडलंत.”

बावखल म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं. श्रावणात काठोकाठ भरलेलं असतं, कडेला शेवाळ, पाय ठेवला की गेलाच. माईंनी तिथूनच ओरडून सांगितलं,

“जना, बापयांना बोलव. कुणालाही बोलव.”

“बापये सगळे खालच्या वाडीला बांध घालायला गेलेत. मी बघते, मी आणते कुणाला तरी.” जनाकाकू पदर खोचून पळाल्या. माझे यजमान एसटीत कंडक्टर, जव्हारच्या मुक्कामी गाडीवर होते. सकाळपर्यंत यायचे नव्हते.

मी दाराकडे वळले तशी माईंनी माझा पदर धरला. “तू नाही. पोटात जीव आहे तुझ्या. अमावास्येची तिन्हीसांज, निसरडं... तू नाही जायचंस.”

“मग कोण जाणार, माई?”

“माणसं येतील आत्ता.”

“तोवर पाण्याशी कोण आहे?”

माईंनी पदर सोडला नाही. मी तो हळूच काढून घेतला. सासूच्या हातातून काही ओढून घेण्याची ती माझी पहिली वेळ.

वाटेनं मी अनवाणी चालले, पायाची बोटं चिखलात रोवत. बारीक भुरभुर चालू होती. केळीची पानं खांद्याला लागत होती. उपासानं डोकं हलकं झालेलं. पोटावर हात गेला की वाटे परत फिरावं, आणि हात काढला की वाटे धावावं. तोंडानं महादेवाचं नाव घेत होते, पण मनात एकच, लुगडं कशाला नेलं? पाण्याशी लुगडं कशाला? अर्ध्या वाटेत तिचे दुपारचे प्रश्न आठवले, एकामागून एक, आणि माझ्या लक्षात आलं, ती पाण्याशी गेलीच नाहीये. बावखलाच्या पलीकडच्या काठाला महादेवाचं देऊळ आहे. देवळामागे पार बांधलेला बेल. त्याच्या फांद्या पाण्यावर गेलेल्या.

देवळाला वळसा घातला तर पारावर तिच्या चपला, एकीशेजारी एक नीट काढून ठेवलेल्या. वर पाहिलं. फांद्यांच्या बेचक्यात ती बसली होती, गुडघे जवळ घेऊन. डाळिंबी लुगड्याचं गाठोडं ओटीत धरलं होतं. खाली एका बाजूला पार, दुसऱ्या बाजूला पाणी.

“शालन.”

“श्श! हळू बोला.”

“खाली ये, बाळा.”

“त्या यायच्यात अजून. तुम्हाला बघून यायच्या नाहीत. तुम्ही जा.”

“कोण यायच्यात?”

“चौसष्ट जणी. तुम्हीच सांगितलंत ना.”

मी पारावर चढले. हात वर केला तर तिच्या टाचेला जेमतेम लागला असता, लावला नाही. दचकली असती तर पाण्याच्या बाजूलाच गेली असती.

“आल्या आणि त्यांनी विचारलं, तर काय म्हणणार तू?”

“मी आहे म्हणणार.” तिनं गाठोड्याची गाठ आवळली. मग ती म्हणाली, “तेव्हा नव्हतं म्हटलं.”

“केव्हा?”

“आईनं विचारलं तेव्हा. तीनदा विचारलं तिनं. मी मागंच उभी होते, पण मला राग आला होता. मी बोललेच नाही. मग तिनं ताट खाली ठेवलं. मग तिला कावीळ झाली.”

ती हे सगळं एका सुरात म्हणाली, पाढा म्हणावा तसं.

“त्याचा आणि काविळीचा काय संबंध, शालन? कुणी सांगितलं तुला?”

“आजीनं. मला नाही, जनाकाकूंना सांगत होती. वाण परत गेलं आणि माझी सून गेली, म्हणाली. मी पलंगाखाली होते.”

एकदा आलं होतं परत, माई सकाळी म्हणाल्या होत्या.

“त्या आल्या की मी खाली उतरून सगळं सांगणार आहे. माझं चुकलं म्हणून. मग त्या उठवतील तिला. तिला नेसायला हवं ना, म्हणून हे आणलंय.” तिनं गाठोडं जवळ ओढलं. फांदी हलली. “तुम्ही म्हणालात, कहाणी खोटी नसते.”

 आयुष्यभर मी ज्या कहाण्या सांगत आले त्यांतली एक झाडावर चढून बसली होती. खोटी म्हणायला जीभ उचलत नव्हती, आणि खरी म्हटली तर ही पोर सकाळपर्यंत तिथून हलणार नव्हती.

“म्हणाले खरी,” मी म्हटलं. “कहाणी मला माझ्या आईनं सांगितली, तिला तिच्या आईनं. पण मेलेलं माणूस उठलेलं मी कधी बघितलेलं नाही. बघितल्यासारखं तुला सांगितलं. ते माझं चुकलं.”

“म्हणजे ती नाही येणार?”

“नाही.”

हा शब्द त्या घरात तोवर कुणी उच्चारला नव्हता. मला वाटलं, आता ही किंचाळेल, उडी मारेल, काय करेल. ती नुसती बसून राहिली. अंधारायला लागलं होतं, तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

“सरळ कुणी सांगतच नाही,” ती म्हणाली. “आजी म्हणते देवाकडे आहे, बरी होतेय. बाबा तर काहीच म्हणत नाहीत. मी बघितलं पण नाही तिला. मुंबईलाच...”

“हो. मुंबईलाच.”

“माझ्यामुळे ना?”

“कावीळ पाण्यातून होते, शालन. त्या वर्षी गावात घरोघर होती म्हणतात. जनाकाकूंचे दीरही त्यातच गेले ना? त्यांच्या घरी कुणी वाण परत केलं होतं?”

तिनं विचार केला. “त्यांना मुलंच नाहीत.”

“मग बघ.”

फांदीवरून नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, “तरीपण तिचं वाण तसंच राहिलं ना. जमिनीवर.”

“मग आज घे.”

“ती कुठाय धरायला?”

“मी धरीन. तिच्या नावानं. आधी तिचं, मग माझं.”

“असं करतात?”

“करतात की नाही मला ठाऊक नाही. मी करीन. शब्द देते.”

“आजी ओरडेल.”

“ओरडू दे.”

ती खाली वाकून माझ्याकडे बघायला लागली. असं काही माझ्या तोंडून तिनं कधी ऐकलं नव्हतं, मीही नाही.

“आणि तुमचं पण घ्यावं लागेल?”

“ते तुझं तू ठरव. नाही घेतलंस तरी मी रागावणार नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग...” ती कुजबुजली, “मला उतरता येत नाही. चढताना नाही कळलं. काटेपण आहेत.”

“गाठोडं आधी टाक. आता माझ्या खांद्यावर पाय दे.”

“आजी म्हणाली तुम्ही काही उचलायचं नाही. पोटात बाळ आहे.”

“बाळ पोटात आहे, खांद्यावर नाही. दे पाय.”

तिचा ओला पाय खांद्यावर आला, मग दुसरा. मी खोडाला घट्ट धरून, श्वास कोंडून उभी राहिले. ती घसरत माझ्या पाठीवरून पारावर आली. माझ्या दंडावर काट्याचा लांब ओरखडा उठला. तिनं तो बघितला, हात लावायला पुढं केला आणि मागं घेतला. परत येताना वाटेत जनाकाकू दोन माणसांना घेऊन धापा टाकत भेटल्या. “बाई गं, माझी जीभ झडो,” एवढंच त्या म्हणाल्या आणि आमच्यामागून मुकाट्यानं चालू लागल्या.

माई अंगणात कंदील घेऊन उभ्या होत्या. कंदिलाचा उजेड त्यांच्या हाताबरोबर सगळ्या अंगणभर थरथरत होता. शालनला बघताच त्यांनी तिला ओढून पोटाशी धरलं आणि लगेच पाठीत धपाटा घातला, आणि पुन्हा पोटाशी धरलं.

“चल, आधी वाण उरकून घे,” मग त्या मला म्हणाल्या. “वेळ टळायला आलीय.”

“माई, दोन वाणं करायची आहेत. एक हेमलताताईंचं.”

शालनपुढे ते नाव मी प्रथमच घेतलं होतं. माईंनी कंदील खाली ठेवला.

“वेड लागलं का तुला? मेलेल्या बाईचं वाण? लेकरांच्या आयुष्यासाठी करायच्या व्रताला? पोटुशी आहेस तू, काही विधिनिषेध!”

“मी शब्द दिलाय.”

“कुणाला विचारून?”

“तिनं ऐकलं होतं, माई. तुम्ही जनाकाकूंना काय म्हणालात ते. वाण परत गेलं आणि सून गेली. पलंगाखाली होती ती. तीन वर्षं हेच घेऊन हिंडतेय.”

जनाकाकू कुंपणाशीच थांबल्या होत्या. त्या हळूच आपल्या वाडीकडे वळल्या. माई शालनकडे बघत राहिल्या. शालन त्यांच्याकडे बघत नव्हती, ती डाळिंबी लुगडं पिळत होती, उंची पुरत नव्हती म्हणून अर्धं चिखलात लोळत होतं. माई पायरीवर बसल्या.  मला वाटलं, आता या नाहीच म्हणणार, आणि दिलेल्या शब्दाचं मी काय करू?

“पितळेचं ताट घे,” त्या म्हणाल्या. “फळीवर वरच्या बाजूला आहे. हेमाचं तेच होतं.”

चौसष्ट योगिनींपुढे मी पिठाचे दिवे लावले. पितळेच्या ताटात खीरपुरी वाढली, देवाकडे तोंड करून बसले आणि ताट डोक्यावरून मागं धरलं. मागं काय चाललंय ते दिसत नव्हतं.

“हेमलताच्या वाणाला अतिथी कोण?”

एकदाच विचारावं लागलं.

“मी आहे!” आवाज इतका मोठा आला की दिव्याची ज्योत हलली असेल. बावखलापलीकडे ऐकू जाईल असा. ताटाचं वजन माझ्या हातांवरून गेलं. मागं भांडी वाजली, पावलं वाजली, मग कुणीतरी हुंदका दाबत खीर खात असल्याचा आवाज.

मी दुसरं ताट वाढलं. माझं. हात वर केले.

“अतिथी कोण?”

कुणी बोललं नाही.

“अतिथी कोण?”

ठरव म्हणून मीच सांगितलं होतं. रागावणार नाही असंही. रागावले नव्हतेच. पण सकाळपासून पोटात पाणी नव्हतं, दंडावरचा ओरखडा आग करत होता आणि ताट जड जड होत चाललं होतं. पोटातल्या जिवाला मी मनातल्या मनात म्हटलं, धीर धर. तिसऱ्यांदा विचारायला मला वेळ लागला. विचारल्यावर काय होणार ते ठाऊक होतं ना, म्हणून.

“अतिथी कोण?”

ताट खालून कुणीतरी धरलं. धरलं आणि वाटी ताटात खणखण वाजायला लागली, थांबेचना.

“मी आहे,” माई म्हणाल्या. “सोड आता. सांडते सगळी खीर. सकाळपासून उपाशी आहे मी.”

मागं शालन खुदकन हसली. “आजी, तू काय लहान आहेस?”

“भूक लहान-मोठी बघत नाही. सरक.”

मी हात खाली घेतले. ते गुडघ्यांवर ठेवून तशीच बसले, कारण लगेच उठता येत नव्हतं.

जेवणं झाली. शालननं माझ्या ताटातली एक पुरी उचलून नेली. वाण म्हणून नाही, उरली होती म्हणून. ओटीच्या दांडीवर तिनं ते ओलं लुगडं पसरलं आणि त्याच्याखाली पाय मुडपून बसली. आत माई भांड्यांपाशी माझ्याजवळ आल्या. भांडी घासायला त्या येत नसत, हातातून सुटायची म्हणून. उगाच एक वाटी उचलून त्या फिरवत राहिल्या.

“शरयू, त्या दिवशी पोर का रुसली होती ठाऊक आहे? हेमानं तिला मारलं होतं. पूजेआधीच पुरी खाल्ली म्हणून. तेवढंच. इस्पितळात शेवटी शेवटी हेमाला तेच लागून राहिलं होतं. मला म्हणाली, शालूला सांगा, मी रागावले नव्हते, माझाच हात उगाच उठला. सांगाल ना, म्हणाली. मी हो म्हटलं.”

“मग?”

“घरी आले तर पोर विचारायला लागली, आई कुठाय. तेच सांगता येईना मला. मग हे कसं सांगणार? आज सांगू, उद्या सांगू... आणि त्याच तोंडानं जनाजवळ नको ते बोलून बसले. वाणाला दोष दिला की मला कुणी काही विचारणार नव्हतं.”

 मी भांड्याला राख लावत राहिले. माईंनी वाटी पालथी घातली, हात पुसले, पदर डोक्यावरून घेतला, देवापुढं जाताना घ्यायच्या तसा. मग भिंतीला हात लावत लावत त्या ओटीवर गेल्या.

“शालू,” बाहेरून त्यांचा आवाज आला, “जरा सरक. बसू दे मला.”